आबांच्या बंडीत वाजणारं सिम

“कोणालाही नाही! मी जरी मागितला, तरी द्यायचा नाही! ऐकलं का आबा? मी जरी मागितला तरी!”

जळगाव स्टेशनात, गाडीच्या दारात लोंबकळत, मी माझ्या बापाच्या कानात हे ओरडत होतो. आबांचा एक कान फवारणीच्या पंपाने खाल्लेला, आणि दुसरा त्यांनी केळीच्या भावासाठी राखून ठेवलेला. म्हणून आवाज जरा चढवावा लागला. इतका, की शेजारच्या रुळावरची मालगाडी दचकून हातभर मागे सरकली आणि चहावाल्याने स्वतःचा मोबाइल बंद करून टाकला.

आबांनी मान हलवली. माय म्हणाली, “पोटभर खात जाय भाऊ.” गाडी सुटली. जर्मनीला शिकायला निघालेल्या पोराचा निरोप हा असा झाला. लोक म्हणे रडतात, मिठ्या मारतात. आम्ही ओटीपीवर बोललो.

त्याला कारण होतं. परदेशात नवीन सिम मिळतं, पण तुमचा सगळा जन्म जुन्या नंबराला बांधलेला असतो. बँक त्याच्यावर, ईमेल त्याच्यावर. तो नंबर मेला की तुम्हीही मेलात. म्हणून माझं जुनं सिम आबांच्या बटणांच्या फोनात घातलं, फोन त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात, डाव्या बाजूला ठेवला, आणि खिशाला वरून सेफ्टी पिन मारली. बँकेच्या लॉकरलाही एवढा बंदोबस्त नसतो.

आणि त्याच महिन्यात नानांचं झालं होतं. नाना म्हणजे आमचे बांधाला बांध असलेले शेजारी. त्यांना पुतण्याच्या हुबेहूब आवाजात फोन आला, रडत. नानांनी विरघळून मेसेजमधला आकडा सांगितला आणि खातं असं साफ झालं की पोळ्याला झाडलेलं अंगणही तेवढं साफ नसतं. पुतण्या तेव्हा रावेरला केळीचा ट्रक भरत होता. आवाज म्हणे कम्प्युटरने बनवला होता. त्या दिवसापासून आमच्या गावात, असोद्यात, संशयाची साथच आली. पोपट ‘मिठू’ म्हणाला तरी लोक विचारायचे, याले कोनं शिकवलं?

मी तोच संशय सामानात भरून नेला. फुकटचं वायफाय दिसलं की मला नाना आठवायचे. आणि गंमत बघा, मी इंटरनेटवर संशय घ्यायचो तर इंटरनेट माझ्यावर. कालपर्यंत जळगावात होतास, आज इथे कसा? तू माणूसच आहेस ना? मग चित्रातले सिग्नल ओळख! जळगावच्या माणसाला सिग्नल दिसतात हो, पण त्यांना ओळख कोण दाखवतो?

तरी गाडी चालली होती. मग एका दुपारी, ज्या बेकरीत मी कॉलेजातून सुटल्यावर काम करायचो, तिथे खिशातला फोन कणीक मळायच्या यंत्रात पडला. ते यंत्र हत्ती पडला तरी मळून काढेल असं. त्या दिवशी त्या गावाने खाल्लेल्या पावात माझे सगळे फोटो होते, चारधामच्या सेल्फीसकट.

आता खरी गोष्ट ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा टर्मिन होता. तिकडे कचेरीत भेटायची वेळ मिळते तिला टर्मिन म्हणतात, आणि ती मिळायला आपल्याकडे मुलगी मिळण्यापेक्षा जास्त खटपट लागते. मुक्कामाचा परवाना संपत आला होता. टर्मिनचा कागद ईमेलमध्ये, आणि तो दाखवल्याशिवाय दारावरचा माणूस आत सोडत नाही, असं सगळे सांगत होते. आत गेलो नाही तर शिक्षण तिथेच ठेवून परत. माझ्यापुरता नवा असा एक जुना फोन घेतला, ईमेल उघडायला गेलो, तर ईमेल म्हणाला, तुमच्या नंबरावर आकडा पाठवला आहे.

म्हणजे आबांच्या बंडीत.

माझ्या खोलीत पुण्याचा केदार राहायचा. त्याच्या फोनवरून मायच्या फोनला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती आणि शेतात भरीत चाललं होतं. थंडी पडली की आमच्याकडे शेतातच जाळ करून वांगी भाजतात, ठेचतात, आणि अर्धं गाव पुऱ्या घेऊन बसतं. ती हिरवी वांगी इतकी मोठी की लहान पोरं त्यांच्या आड बसून सावली खातात. पडद्यावर आधी धूर दिसला, मग माय.

“माय, आबांना सांग, आता मेसेज येईल, त्यातला आकडा मला सांगा.”

मायच्या खांद्यावरून नानांचं तोंड उगवलं.

“आला! आबा, आला पाहा! माह्या पुतण्याबी असाच बोले!”

“नाना, मी आहे! तोंड दिसतंय ना माझं?”

“तोंडबी बनवता येतं,” आबा मागून म्हणाले.

मी ईमेलवरचं ‘कोड पुन्हा पाठवा’ हे बटण दाबलं. जर्मनीत बटण दाबलं की असोद्यात आबांच्या छातीत ‘टुण’ वाजायचं. सगळ्यांनी बंडीकडे पाहिलं. आबांनी सेफ्टी पिनवर हात ठेवला.

मग परीक्षा सुरू झाली. परीक्षक अर्थात नाना. विहिरीवर कोणतं झाड? उंबर. तुझ्या आत्याचा सासरा कुठला? पिंपळनेरचा. बाजरी कोणत्या नक्षत्रावर पेरतात? मृगावर. वांगी कशावर भाजतात? तुरीच्या वाळल्या काड्यांवर, म्हणजे तुरकाट्यांवर. मी धडाधड उत्तरं देत होतो आणि तिकडे चेहरे धडाधड पडत होते.

“चोर हाये,” नानांनी निकाल दिला. “आपल्या पोऱ्याले बाजरी अन् ज्वारीतला फरक ठाऊक नव्हता. याले नक्षत्र येतं!”

सगळ्या शेताने माना डोलावल्या. खरंच होतं ते. गावात असताना मी बांधावर पाय ठेवला नाही. परदेशात करमेना, तेव्हा रोज रिकाम्या वेळी शेतीचे व्हिडिओ बघून बघून पाठ झालं. गावाचा एवढा अभ्यास केला आणि तोच अंगाशी आला.

तेवढ्यात मायने फोन स्वतःकडे ओढला. ती धुळ्याकडची. तिची युक्ती सरळ कधीच येत नाही.

“ऱ्हाऊ दे भाऊ,” ती गोड आवाजात म्हणाली. “औंदा भरीतमा टमाटा टाकेल शेतस. मस्त लागस.”

“काय? भरितात टमाटे?” मी परवाना विसरलो, टर्मिन विसरलो. “कोणी टाकले? भरीत आहे का भाजी? कोणाच्या बापाने भरितात टमाटे खाल्ले होते? त्यापेक्षा तसंच कच्चं वांगं चावा ना! माय, तू तिथे असताना…”

केदार घाबरून खोलीबाहेर गेला. शेतात हशा उसळला तो पार तापीच्या काठापर्यंत ऐकू गेला असणार. भरितात एकही टोमॅटो नव्हता.

“आपलाच शे हाऊ,” माय डोळे पुसत म्हणाली. “द्या आकडा त्याले.”

नानांनीसुद्धा मान्य केलं. आता सगळे आबांकडे बघत होते. मी परत बटण दाबलं. टुण. आबा जाळाकडे बघत उभे, हात सेफ्टी पिनवर तसाच.

“नही,” ते म्हणाले.

मी विनवलं. रागावलो. उद्या मला हाकलून देतील म्हणालो. टुण. टुण. आबांनी वांगं उलटलं आणि मायला सांगितलं, “बंद कर तो फोन.”

दुसऱ्या दिवशी नुसता पासपोर्ट घेऊन गेलो. दारावरच्या माणसाला असोद्याच्या चालीतलं जर्मन ऐकवलं. दारात एवढं घसा फोडून जर्मन कोण बोलतंय, हे बघायला आतल्या खिडकीतली बाई बाहेर आली. तिने नाव विचारलं, कम्प्युटरमध्ये पाहिलं, पासपोर्टवरच्या फोटोकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “बसा.”

परवाना वाढला. मी बाहेर येऊन बाकावर बसलो आणि आनंद काही होईना. एका परक्या बाईला मी फोटोवरून पटलो. बापाला बोलून, हसून, भांडूनही पटलो नाही? हा संशय मात्र माझा मला पुरला. नेटवरचा कोणताच एवढा टोचला नव्हता.

ईमेल पुढे दुसऱ्या वाटेने उघडला. सिम तिथेच राहिलं. आणि आता परदेशी निघालेल्या पोरांनो, आणि त्यांची सिमं खिशात सांभाळणाऱ्या घरच्यांनो, तुम्हालाच सांगतो, कोणाला सांगू नका. फार करमेनासं झालं की मी अजून कधीकधी उगाच ‘कोड पुन्हा पाठवा’ दाबतो. फोन लावला की बोलावं लागतं, जेवलो का ते सांगावं लागतं. हे बरं. इथे बोट लावायचं, आणि तिकडे केळीच्या बागेत, डाव्या बाजूला, सेफ्टी पिनच्या आत, टुण. घराचा पत्ता कोणी विचारला तर मी हल्ली असोदा म्हणतो, पण मनात तो खिसा असतो.

पुढच्या थंडीत घरी गेलो. तेच शेत, तोच जाळ. नाना पुऱ्यांवर लक्ष ठेवून होते. आबा तुरकाट्या सारत बसले होते. बंडीला सेफ्टी पिन होतीच. मी शेजारी जाऊन बसलो आणि त्यांच्या बऱ्या कानात विचारलं, “आबा, खरं सांगा. त्या दिवशी मी तुम्हाला ओळखूच आलो नव्हतो?”

आबांनी वांगं उलटलं.

“पहिल्या हाकेलेच वळखलं व्हतं,” ते म्हणाले. “पन देऊ नका म्हनून तूच सांगून गेला व्हता.”