आमच्या टोपलीची खूण

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि घरात एकटा होतो.

बायको अकोल्याला लेकीकडे गेली होती. लेकीचं बाळंतपण झालं, बारसं झालं, थंडी सरत आली, तरी ती तिकडेच. जावई चांगला माणूस, पण फोन कायम मोठ्या आवाजावर ठेवतो. मी इकडून खोकलो तरी तिकडे अख्खं घर ऐकतं. एक दिवस म्हणाला, "बाबा, आईले आता इथंच राहू द्या. लेकराले लळा लागला. तुमीबी या."

मागून तिचा आवाज आला, "बरं आहे माझं."

एवढंच. हे 'बरं' तिचं होतं की त्यांचं, मला कळेना. आणि जावयाच्या देखत बायकोला "तुले यायचं हाय का?" असं विचारणारा मी नाही. लिहून विचारावं, तर तिला अक्षर येत नाही. मी निदान तिसरीपर्यंत गेलो. तिच्या फोनवर काही आलं की जावईच जेवताना सगळ्यांना वाचून दाखवतो.

अचलपूरच्या अलीकडे आमचा झेंडूचा तुकडा आहे. दुपारी लिंबाखाली खाटेवर पडलो की डोळे अर्धे मिटतात, आणि पिवळं-केशरी सगळं एकात एक विरघळतं. त्या विरघळण्यात मला तिचं मनगट दिसायचं. चेहरा नाही, मनगट. त्यावर गोंदलेले पाच टिपके, चार कोपऱ्यांना चार आणि मधोमध एक. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा माझी मान खाली होती, म्हणून तिचं पहिलं दिसलं ते हेच.

पुढे आम्ही फुलं बाजारात नेऊ लागलो. तिथं सगळ्यांच्या टोपल्या सारख्या. रिकाम्या टोपल्या परत घेताना बायांची भांडणं व्हायची. हिला नाव वाचता येईना, म्हणून मी चुन्यानं आमच्या टोपल्यांवर तेच पाच टिपके काढले. मग ही ढिगातून बरोबर ओढून काढायची. म्हणायची, "हे आपली हाय. हे घरी न्याची."

त्या दुपारी झोप आणि जाग यांच्या मधेच मला वाटलं, ही खूण फोनमधी असलीच पाहिजे. एवढं काय काय असतं त्यात. मी फोनला तोंडानं सांगितलं, "टिपके." तो चेहऱ्यावरचे डाग घालवायची औषधं सांगू लागला. तसाच उठलो आणि बसस्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात गेलो.

"आबा, चिन्हं लई आहेत," दुकानदार म्हणाला. "दिल पाठवता का आजीले? लाल देऊ का निळा?"

"दिल तू तुया बायकोले पाठव. मले टिपके पायजे."

त्यानं एक पान उघडून दिलं. मी बोटानं सरकवत गेलो. चांदण्या, बाण, छत्र्या, बुद्धिबळाचे घोडे, अर्धे चंद्र, कुठल्या मुलखातली कोण जाणे, अक्षरांसारखी दिसणारी नक्षी. हातानं कुणी काढलेलं नाही आणि तरी सगळं रेखीव. एखाद्या गावात शिरावं, जिथं कुणी बोलत नाही, सगळे नुसते उभे राहून आपल्याकडे पाहतात, तसं वाटलं. मी कशासाठी आलो तेही विसरलो. मग दिसले पाच टिपके. दुकानदारानं शिकवलं, बोट दाबलं की चिन्ह उचलायचं, निरोपाच्या जागी दाबून धरलं की ठेवायचं. पाठवलं.

⚄

लगेच जावयाचा फोन. "बाबा, लुडोचा फासा कावून पाठवला? डाव मांडून राहिले का?" मागे सगळे हसत होते. तिचं हसू मला ओळखू येतं. त्यात ते नव्हतं.

"चुकून दाबल्या गेलं," मी म्हणालो.

दुकानदार पोट धरून हसत होता. मी म्हटलं, "दात दाखवू नको. बिनचौकटीचे दे."

त्यानं शोधून दिले. "पण सांगून ठेवतो आबा, हे चिन्ह तिकडच्या फोनात नसन तर नुसता कोरा डबा दिसते."

"दिसन तिले."

"कशावरून?"

"मी म्हणतो म्हणून."

⁙

पाठवलं आणि शेतात परत आलो. फोन छातीवर ठेवून पडलो. ऊन झेंडूवरून सरकत सरकत बांधावर गेलं. कोरा डबा गेला असेल तर तो उघडून ती काय पाहणार? आणि टिपके दिसूनही तिनं फोन बाजूला ठेवला असेल, तर? तर ती आता तिथलीच. मग मी पुन्हा विचारणार नव्हतो.

छातीवर फोन थरथरला. तिचाच होता. तिनं आजवर मला कधी काही पाठवलं नव्हतं.

. . . . .

पाच. तिला मांडता आले तसे, एका रांगेत.

पाठोपाठ जावई. "बाबा, आईच्या हातून काहीतरी दाबल्या गेलं वाटते. मनावर घेऊ नका."

"नाही घेत," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुलं तोडली नाहीत. दाढी केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि अकोल्याच्या पहिल्या बसमध्ये बसलो. कंडक्टरला म्हटलं, "जायाचं एक दे. परतीचे दोन मी तिकडून काढतो."