पाटीवर शिंपडलेलं पाणी

पाटी उंबऱ्यावर ठेवायची आणि तीन पावलं मागं सरायचं. मग डॉक्टरसाहेब तांब्या घेऊन येणार. बोटं बुडवून पाटीवर पाणी शिंपडणार. मगच ती दोन बोटांनी उचलणार, जरा वर धरणार.

"चूक."

एवढंच. कुठं चूक, कोणतं अक्षर, काही नाही. पाटी परत उंबऱ्यावर. ओसरीवरच्या बाकावर बसलेले पेशंट बघत असायचे. मी पाटी उचलायची, पदरानं पुसायची आणि धोंड्यावर बँडेजं धुवायला बसायची. दोन महिने रोज हे चाललं.

हे अणदूरचं. निजामाचं राज्य होतं, शेवटचे दिवस होते. रझाकारांच्या भीतीनं माणसं सरहद्द ओलांडून सोलापूरकडं जात होती. डॉक्टरसाहेबांचा कंपाउंडरही असाच एका आठवड्यात बायकापोरं घेऊन गेला. मग त्यांना माणूस हवं झालं आणि त्यांनी मला बोलावलं. लग्नाआधी मी माहेरी, तामलवाडीला होते, तेव्हा सोलापूरच्या एका मिशनच्या दवाखान्यात कामाला जायची. ताप बघायला शिकले, जखम बांधायला शिकले, बाटल्यांवरची इंग्रजी अक्षरं ओळखायला शिकले. महारवाड्यात अशी मी एकटीच होते.

डॉक्टरसाहेब जर्मनीत शिकून आलेले. येताना दोन पेटारे भरून औषधं आणली होती. त्यांच्या कपाटावर अख्ख्या गावाचा विश्वास. पण बाटल्यांवरची लेबलं कसरीनं खाल्ली होती. ती नवी लिहायची होती, त्याच भाषेत, त्याच अक्षरांत. एक अक्षर हललं तर एकाचं औषध दुसऱ्याच्या पोटात जाईल, असं ते म्हणायचे. खरंच होतं ते.

पहिल्या दिवशी मला ओसरीखाली उभं करून म्हणाले, "शब्द बिनचूक लिहायला लाग. त्या दिवशी आत घेतो. कंपाउंडरच्या जागी. औषधाला जात नसते."

हे ऐकून मी घरापर्यंत जवळजवळ पळत गेले. औषधाला जात नसते. हे वाक्य मी मनात किती वेळा घोळवलं असेल. आत जायचं. कपाटाला हात लावायचा. आमच्या माणसांना वरून औषध ओततात, तिथं आता मी असणार, मी हातात देणार. मला दुसरं काही नको होतं.

मग शिकवणी सुरू झाली. ते आतल्या खुर्चीवर, मी ओसरीच्या खाली, अंगणात. रोज दहा शब्द. प्रत्येकाची अक्षरं एकदाच सांगायचे. मी ती मनात धरायची आणि दुसऱ्या दिवशी पाटीवर लिहून दाखवायची.

अवघड भाषा. लिहायचा डब्ल्यू आणि म्हणायचं व. लिहायचा व्ही आणि म्हणायचं फ. पाणी म्हणजे वासर, त्यात एस दोनदा. चमचा म्हणजे ल्योफल, त्यातल्या ओच्या डोक्यावर दोन टिंबं. थेंब म्हणजे ट्रॉफन, त्यात पी आणि एफ शेजारी शेजारी, दोघांनाही जागा द्यायची. टिंबं विसरली की शब्द दुसराच होतो, असं ते सांगायचे. मी बँडेजं आपटताना अक्षरं म्हणायची. सरपण वेचताना म्हणायची. चुलीपुढच्या राखेत काडीनं लिहायची.

आणि एक गोष्ट मला फार आवडली होती. त्या भाषेत प्रत्येक वस्तूच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं काढतात. माणसाचंच नाही, चमच्याचंसुद्धा. पाण्याचं, थेंबाचं, बाटलीच्या बुचाचंसुद्धा. मला वाटायचं, काय लोक असतील. बुचाला मान देतात. मला इथं सगळे "ए" म्हणायचे.

घरी हे कुणाला सांगणार? घरात मी आणि माझी सासू. माझा नवरा पलटणीत गेला होता, जर्मनच्या लढाईत, तो आला नाही. त्याचा कागद आला. मी राखेत अक्षरं काढताना आत्याबाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं, "कंची भाषा गं ही?"

मी सांगितलं. 

"ज्यांनी माझं लेकरू खाल्लं त्यांची?"

"औषधाची हाय ती, आत्याबाई."

"कुणाशी बोलणार हाईस तीत?"

मी काडीनं राख सारखी केली. त्यानंतर मी लिहायला बसले की त्या उठून दारात जायच्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. अख्ख्या मुलखात त्या भाषेतले शब्द कळणारी आम्ही दोनच माणसं होतो, डॉक्टरसाहेब आणि मी. त्यांच्याशी मी बोलायचं नाही. मग ती भाषा मी माझ्याशीच बोलायची. इतकं एकटं मला नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

रोज चूक. मी स्वतःला कोसायची. वाटायचं, आपल्या डोक्यात राहत नाही, आपल्या जातीचं डोकंच तसं असेल. हो, असंसुद्धा वाटलं. ते मी लपवणार नाही. तेव्हाची मी तशी होते.

एकदा हिय्या करून म्हणाले, "साहेब, पाणी पडलं की आक्षरं दिसत न्हाईत."

ते हसले. हसणं चांगलं होतं त्यांचं. हळू आवाजात म्हणाले, "माझा यावर विश्वास नाही गं. जर्मनीत मी कुणाच्याही ताटात जेवलोय. पण पेशंट बघतात. मला गावात राहायचंय. समजून घे."

मी समजून घेतलं. समजून घ्यायची सवय आमच्या हाडात होती. ओल्या पाटीवर पेन्सिलीची अक्षरं बुडतात आणि वाळली की पुसट वर येतात. मी मनात म्हणायची, त्यांनी जरा वाळू द्यावी. आपण घाम पुसतो एवढा वेळ. पण त्यांना तेवढी सवड कधी झाली नाही.

मग एक दिवस मला दवाखान्यामागच्या उकिरड्यावर औषधाचं रिकामं खोकं सापडलं. जर्मनीचंच. त्यावर छापलेला ट्रॉफन. मी खोकं पदराखाली घरी नेलं. दुसऱ्या दिवशी तेवढा एकच शब्द पुन्हा लिहून दाखवायचा होता. मी तो खोक्यावरून अक्षर न् अक्षर बघून घरूनच लिहून आणला. वाटेत पाटी छातीशी उलटी धरून नेली, पुसायला नको म्हणून.

पाणी. दोन बोटं.

"चूक. लक्ष कुठं असतं तुझं?"

मी पाटी घेऊन धोंड्याजवळ बसले. ऊन होतं. पाटी वाळली. जिथं थेंब पडले होते तिथं ओघळ, बाकीची अक्षरं पुसट वर आली. घरी जाऊन खोक्याशी ताडली. एकही अक्षर इकडचं तिकडं नव्हतं. तरी माझं मन काय म्हणालं? खोकंच चुकीचं छापलं असेल. छापणाऱ्यावर शंका घेतली मी. साहेबांवर नाही.

पण रात्र गेली आणि सकाळी डोक्यात काहीतरी गार झालं. मी पाटी घासून धुतली. वाळवली. त्यावर काहीच लिहिलं नाही.

ओसरीवर त्या दिवशी एक म्हातारे अप्पा बसले होते, पेठेतले दुकानदार, खोकल्याचं औषध न्यायला आलेले. मी पाटी उंबऱ्यावर ठेवली. तीन पावलं मागं सरले. अप्पांनी पाटीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग दुसरीकडं तोंड केलं.

साहेब आले. पाणी शिंपडलं. दोन बोटांनी उचलली. धरली.

"चूक. पण आज दोन शब्द बरे जमलेत."

रडू आलं नाही. इतके दिवस मी ज्याच्यासाठी अक्षरं पाठ करत होते, त्यानं माझं एकही अक्षर वाचलं नव्हतं. दोन महिने तो नुसतं पाणी वाचत होता.

मी पुढं गेले. ती तीन पावलं, उंबऱ्यापर्यंत. त्यांच्या हातातली पाटी मी माझ्या हातानं घेतली. बाकावरची एक बाई "अगं अगं" म्हणाली.

"पाटी कोरी व्हती, साहेब."

अप्पांना खोकला आला.

"आदुगर वाचा. मग शिंपडा. न वाचता चूक म्हनू नका."

माझा आवाज मोठा नव्हता. पण तो सगळ्यांना ऐकू गेला. साहेबांचा चेहरा पडला, आणि मला त्यांची दया आली नाही. मी भिजलेली बँडेजं धोंड्यावर तशीच सोडली आणि पाटी घेऊन निघाले. वाट भर दुपारची, रिकामी. महारवाड्यात आले तर आत्याबाई दारात होत्या.

"लवकर आलीस. त्यानं वाचलं का?"

"न्हाय."

त्या बाजूला सरल्या. मी आत गेले.

चार दिवसांनी साहेबांचा निरोप आला. ये, आत घेतो. पाणी शिंपडणार नाही, वाचीन. फक्त संध्याकाळी ये, पेशंट गेल्यावर, मागच्या दारानं.

मला मोह झाला नाही असं नाही. कपाट डोळ्यांपुढं आलं. मागच्या दारानं गेले तरी बाटल्या त्याच, शब्द तेच. आमच्या वस्तीत तापानं फणफणलेली दोन पोरं होती. मी त्या पोरांकडं बघितलं आणि निरोप आणणाऱ्याला सांगितलं, "सकाळी येते. ओसरीवर. बाकावर मानसं असताना त्यांनी पाटी हातात घिऊन मोठ्यानं वाचावी. तेवढं करणार असतील तर येते."

त्यांनी ते केलं नाही, आणि पोरांसाठी औषधही धाडलं नाही. पोरांची कपाळं मी ओल्या फडक्यानं पुसत राहिले. एक वाचलं. एक गेलं. हे ओझं मी टाकून देणार नाही, आणि ते माझ्या एकटीचंच आहे असंही कुणाला म्हणू देणार नाही.

उकिरड्यावर अजून खोकी सापडत होती. ती मी उघड उचलायला लागले. पाटी ठेवून दिली. शाईची पूड आणली, बोरू केला, आणि रद्दीच्या कागदांवर शब्द लिहायला लागले. लिहायचं, खोक्याशी ताडायचं, स्वतःच खूण करायची. बरेचसे बरोबर निघाले. काही खरंच चुकले होते. ल्योफलची टिंबं मी विसरत होते. ती चूक मला सापडली तेव्हा किती बरं वाटलं म्हणून सांगू. पहिल्यांदा कुणीतरी माझं लिहिलेलं वाचलं होतं.

त्या दिवसापासून माझं लिहिलेलं मी जमिनीवर ठेवत नाही. अर्ज असो, सही असो, चार ओळींचं पत्र असो. समोर कुणीही असलं तरी मी हात पुढं करते आणि कागद धरून उभी राहते. त्यानं माझ्या हातातून घ्यावा, कोरडा घ्यावा, आणि वाचावा. घेत नसेल तर माझा हात दुखेपर्यंत मी तिथंच उभी राहते. हात खाली करत नाही.