धोंड्यावरची सावली

वाटणी वैशाखात झाली, तिथंच सगळं चुकलं. सासरे गेल्यावर दोघा भावांनी तेरणाकाठचं रान निम्मं निम्मं केलं. विहीर मात्र एकच, आणि तीही एकमोटी, एका वेळी एकच मोट चालणारी. दिवसाआड पाळी लावली तर भाजीपाल्याचं माळवं सुकतं, म्हणून पंचांनी दिवसच निम्मा केला. सकाळचं पाणी धाकट्या दिराचं, दुपारनंतरचं आमचं. घड्याळ होतं ते तालुक्याच्या कचेरीत. जेवणं आटोपून पंच उठले, तेव्हा मोटेच्या खांबाची सावली जिथं पडली होती तिथं, खांबाच्या उगवतीला हातभर अंतरावर, त्यांनी एक धोंडा पुरला. सावली धोंड्यावर आली की दिरानं बैल सोडायचे, आम्ही जुंपायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला सांगू.

माझे मालक, म्हणजे नवरा, सोलापूरच्या गिरणीत होते. तो इंग्रजी मुलूख, आम्ही निजामाच्या अमलात. शेत मी आणि एक सालगडी बघायचो. दिवाळीला मालक आले ते ठरवूनच आले होते. या खेपेला गहू नीट आला नाही तर रान भावाला वाट्यानं द्यायचं आणि मी सोलापूरला चाळीत राहायला जायचं. माझा जीव त्या काळ्या रानात होता. मी हो म्हटलं नाही आणि भांडलेही नाही. गहू आणायचा, एवढंच मनाशी धरलं.

पावसाळ्यात विहिरीकडं कोण बघतं? दसऱ्यानंतर मोट सुरू झाली आणि पाळी घसरू लागली. उन्हाळ्यात डोक्यावरनं जाणारा सूर्य आता दक्षिणेला कलला होता, त्यामुळं सावली दुपारभर धोंड्याच्या उत्तरेला पडायची आणि उशिरा त्याच्याकडं वळायची. दसऱ्याच्या सुमाराला सावली धोंड्यावर यायला तिसरा प्रहर व्हायचा. दिवाळी झाली तशी ती येईतो उन्हं उतरायची. मार्गशीर्षात धोंड्याला सावली शिवायची ती दिवस बुडता बुडता. माझा सालगडी बैल जुंपेपर्यंत अंधार. रात्री मोट धरावी तर विहिरीला पाणी चढू द्यावं लागायचं. दिराचा गहू हिरवागार, माझा शेंड्याला पिवळा पडलेला.

दिराला विचारलं तर तो हसला. म्हणाला, "वैनी, सूर्व्या काय माझा सालगडी हाय व्हय? पंचांचा धोंडा हाय, म्या न्हाय हलवला."

हे खरंच होतं, त्यानं धोंड्याला हात लावला नव्हता. गावात जिला सांगावं ती म्हणे, हिवाळ्याचा दिवस लहानच असतो बाई, संक्रांतीपासून तिळातिळानं वाढतो, दम धर. पण दिवस लहान तर दोघांचाही लहान हवा. माझाच तेवढा कसा आटतो? आणि संक्रांतीपर्यंत दम मी धरीन, गहू कसा धरील?

तेव्हा मालकांनी दिवाळीत सांगितलेलं आठवलं. गिरणीचा भोंगा उन्हाळ्यात उजाडल्यावर होतो, हिवाळ्यात अंधारात होतो, पण पाळी तेवढीच भरते, मिनिटाची सूट नाही. म्हणजे वेळ मोजायला सूर्यच लागतो असं नाही. आणि लग्नात जोशीबुवा घटका बुडवतात ती मी दहादा पाहिली होती. मी नारळाची करवंटी घासली, दाभण तापवून तिच्या बुडाला भोक पाडलं आणि पाण्यावर सोडली. हळूहळू भरली आणि बुडाली. पुन्हा सोडली, पुन्हा तेवढ्याच वेळात बुडाली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पाण्यानं भरलेलं घंगाळ घेऊन मी विहिरीवर जाऊन बसले. करवंटी बुडाली की जोंधळ्याचा एक दाणा पदरात बाजूला बांधायचा. भाकरी तिथंच खाल्ली. दिरानं बैल हाकता हाकता धावेवरनं विचारलं, कुणाचं लगीन हाय? जाऊबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मी उठले नाही. दिवस मावळला तेव्हा दाणे मोजले, एकेचाळीस. सावली धोंड्यावर आल्यापासूनचे फक्त दोन.

तिसऱ्या दिवशी पंचांना बोलावलं. नाक मुरडत का होईना, ते आले. त्यांच्यासमोर पुन्हा दिवसभर करवंटी बुडवली आणि पुन्हा दोनच दाणे माझ्या वाट्याला आले. पंच दाढी खाजवत बसले. थोरले पंच म्हणाले, आमी ठेवलेला धोंडा हलवला तर उद्या गावातला एकबी बांध जागेवर राहायचा न्हाय. दिराच्या चेहऱ्यावर ऊन पडलं.

मी डोक्यावरचा पदर सारखा केला. रात्रभर हेच एक वाक्य घोळवत बसले होते.

"धोंडा हलवू नगा. तिथंच राहू द्या. पाळी तेवढी बदला. सकाळचं पाणी माजं, सावली धोंड्यावर आली की भावजींचं."

दीर धोंड्याकडं बघू लागला, मग आपल्या हिरव्या गव्हाकडं. थोरले पंच त्याला म्हणाले, "धोंडा बरुबर हाय म्हंतुस ना? मग घे की."

दिरानं घेतलं नाही. इतकंच म्हणाला की करवंटी खोटी नाही कशावरून. मी ती त्याच्याच हातात दिली. म्हटलं, रोज तुम्हीच बुडवा, तुम्हीच मोजा, आदल्या दिवसाच्या निम्मे दाणे झाले की बैल सोडा. मोजायला बसला तसा तो एका दाण्याचंही खोटं बोलला नाही, हे मात्र सांगायला हवं. वैशाखात दिवस लांबला, दाणे वाढले, तरी निम्मे ते निम्मेच.

पिवळा पडलेला गहू आठ दिवसांत वर आला. शिमग्याला मालक मला न्यायला यायचे होते. त्याआधी खळं झालं. सोलापूरला निघालेल्या एका गाववाल्याजवळ मी निरोप धाडला: गहू घरात आलाय. न्यायला येऊ नका, खायला या.