शंभर आणि चारशेच्या मधली मावशी

सव्वीस वर्षं लिफ्टमावशी दिवसभर वर जात होती आणि संध्याकाळी तळमजल्यावरच असायची.

तिचे यजमान रस्त्याचा रोलर चालवत. म्हणजे घरात एकाचा जन्म मागे-पुढे करण्यात गेला होता आणि एकीचा वर-खाली करण्यात. पोचलं कोणीच कुठे नाही, असं ते जेवताना म्हणत. मावशीला हे पटत नसे. तुम्ही खडी दाबता, मी माणसं पोचवते, असं म्हणून ती त्यांच्या ताटात आणखी एक चमचा भात वाढायची आणि विषय संपायचा.

कार्यालय सात मजल्यांचं. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. तिला बटणं नव्हतीच. एक पितळी दांडा होता, उजवीकडे ढकलला की वर, डावीकडे ओढला की खाली. खरं कसब थांबवण्यात होतं. मजल्याच्या पातळीला लिफ्ट नेमकी लागली नाही तर माणूस अडखळतो. मावशीच्या हाताखाली सव्वीस वर्षांत कोणी अडखळलं नव्हतं. कोपऱ्यात तिचं स्टूल होतं, त्यावर जुन्या स्वेटरची घडी. दारावर एक मोजयंत्र होतं. दार बंद झालं की ते टक् करून एक आकडा पुढे जाई. संध्याकाळी मावशी तो आकडा वहीत लिहायची. दोनशे चाळीसच्या आसपास. तो का लिहायचा हे तिने कधी विचारलं नाही.

लिफ्टमध्ये लोक एकच शब्द बोलत. चौथा. सहावा. पण तेवढ्यावरून तिला सगळं कळायचं. कोणाची रजा नाकारली, कोणाची दाढ ठणकतेय, कोण साहेबांशी भांडायला निघालाय आणि वर जाऊन भांडणार नाही. एकदा एकाचा 'तिसरा' ऐकून तिने त्याला परस्पर दवाखान्यात पाठवलं होतं. त्याचं अपेंडिक्स फुटायच्या बेतात निघालं. तेव्हापासून तो माणूस तिच्यासमोर 'तिसरा' म्हणताना आधी घसा साफ करायचा.

जिना ती कधी चढली नव्हती. तो कुठून सुरू होतो एवढं तिला ठाऊक होतं.

कुंपणापलीकडे हायस्कूल होतं. तिथे एक नियम होता. वरच्या वर्गातल्या मुलांनी वर्गाबाहेर दीडशे तास काढायचे. पन्नास काहीतरी घडवण्यात, पन्नास घाम गाळण्यात, पन्नास लोकांच्या उपयोगी पडण्यात. तास भरले नाहीत तर दाखला नाही, मग गणितात शंभरपैकी शंभर का असेनात. हे तास ज्या शिक्षिका मोजत त्यांना सगळे तासबाई म्हणत. तुमचा मुलगा कसा आहे असं कोणी विचारलं की त्या सांगत, बत्तीस झालेत, अठरा राहिलेत.

पहिली आली ती शिट्टी. सोळा वर्षांची मुलगी, गळ्यात कायम शिट्टी. घाम गाळण्याच्या तासांसाठी तिने शेजारचं कार्यालय निवडलं होतं. अख्ख्या कार्यालयाला जिना चढायला लावायचं, असा तिचा प्रकल्प. तिने पायऱ्यांवर आकडे चिकटवले. प्रत्येकाला एक कार्ड दिलं आणि प्रत्येक मजल्यावर एक शिक्का ठेवला. पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्याने तिसऱ्याला हिणवलं की तुमच्यात दम नाही. तिथून पुढे सगळं पेटलं. लोक चहाला खाली उतरून पुन्हा चढू लागले. पाचव्या मजल्यावरचे एक गृहस्थ फाइल शोधायला म्हणून जायचे आणि दोन मजले जास्त चढून यायचे. शिट्टी खालच्या पायरीवर उभी राहून शिट्टी फुंकायची.

मोजयंत्र एकतीसवर आलं.

मावशीने स्टुलावर बसून पहिल्यांदा लिफ्टचं छत नीट पाहिलं. तिथे एक खिळा होता. तो कशासाठी होता कोण जाणे.

मग आला लांब्या. तोही त्याच शाळेतला, त्याच वर्गातला. त्याला लोकांच्या उपयोगी पडायचं होतं. एकाकी माणसांना सोबत करायची, असं त्याने अर्जात लिहिलं होतं. माणूस मात्र अजून मिळाला नव्हता. त्याने जाळीतून आत डोकावलं.

"मावशी, तुम्ही एकट्या असता का?"

"मंगळवारपासून," मावशी म्हणाली.

त्याने ते लिहून घेतलं.

तो रोज दोन तास येऊ लागला. एक बादली उलटी घालून तिच्यासमोर बसायचा. मुलगा सालस होता, गप्पाही बऱ्या मारायचा. पण त्याच्या फॉर्मवर एक अट होती. सोबतीच्या वेळी ती व्यक्ती खरोखर एकाकी असली पाहिजे. दुसरं कोणी आलं की तेवढी मिनिटं वजा. त्यामुळे चुकून एखादा गुडघेदुखीवाला लिफ्टकडे वळला की लांब्या दारात उठून उभा राहायचा आणि अतिशय नम्रपणे सांगायचा, काका, जरा जिन्याने जाता का, इथे सोबत चालू आहे.

आकडा एकोणीसवर गेला.

आकडा घसरल्यापासून एकोणिसाव्या दिवशी अधीक्षकांनी मावशीला बोलावलं. ते भले गृहस्थ होते. एक जुनं, पिवळं पडलेलं परिपत्रक त्यांनी तिच्यापुढे सरकवलं. मोजयंत्राचा आकडा सलग तीस दिवस शंभराच्या खाली राहिला तर लिफ्टचालकाचं पद रद्द. अकरा दिवस उरले होते. काढून कोणी टाकणार नाही, त्यांनी समजावलं. सहाव्या मजल्यावर जुन्या नोंदींच्या खोलीत टेबल मिळेल.

मावशीला ती खोली माहीत होती. तिथे वर्षातून दोनदा कोणीतरी जायचं, आणि तेही न बोलता.  टेबल काय, स्टुलापेक्षा मोठंच असतं. पण त्या खोलीत चौथा म्हणणारं कोणी नव्हतं.

घरी सांगितल्यावर यजमानांनी घास खाली ठेवला.  मग म्हणाले, मी त्या मुलीच्या पायऱ्यांवरून रोलर नेऊ का.

दुसऱ्या दिवशी तिने लांब्याला सांगितलं. पोरगा बादलीवरून उठला. धावत गेला आणि शिट्टीला दंडाला धरून लिफ्टच्या दारापर्यंत घेऊन आला. शिट्टी आत यायला तयार होईना. उंबऱ्यावरच उभी राहिली.

"तू मावशींचं काम घालवलंस."

"मी? लोकांना दारातून परत कोण पाठवत होतं?"

"माझे तास जात होते."

"मग माझे काय झाडाला लागतात? अजून एकेचाळीस राहिलेत माझे."

"भांडायचं तर आत या आणि दार लावून भांडा," मावशी म्हणाली. "तेवढीच एक टक् पडेल."

शिट्टी तरीही आत आली नाही. मोहीम थांबवायला ती राजी होती, पण मोहीम थांबली तरी लोक थांबेनात. चौथा आणि तिसरा मजला आता बोलत नव्हते, फक्त चढत होते. शेवटी दोघं तासबाईंकडे गेली. तासबाईंनी दोघांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवले. दोघांचाही 'घडवणे' हा रकाना कोरा होता.

"नाटक करा," त्या म्हणाल्या. "लिफ्टमध्ये."

असं ठरलं की प्रेक्षक सहा-सहा जणांच्या गटाने लिफ्टमध्ये शिरतील. प्रत्येक मजल्यावर दार उघडेल आणि बाहेर एक प्रवेश होईल. दार बंद, टक्, पुढचा मजला. सातव्यावर नाटक संपेल आणि प्रेक्षक जिन्याने उतरतील, म्हणजे शिट्टीचे तासही चालू राहतील. गोष्ट साधी होती. एका माणसाचा एक बूट हरवलाय आणि तो मजल्यामजल्यावर विचारत फिरतोय. सातव्यावर बूट सापडतो. तोही डाव्याच पायाचा.

बूटवाला लांब्या होता. अडचण एवढीच, की लिफ्ट पोचायच्या आत त्याला प्रत्येक मजल्यावर हजर व्हायचं असे. तो जिन्याने धावायचा. पाचव्या मजल्यावर दार उघडलं की तो भिंतीला टेकून धापा टाकत असायचा, शब्द फुटायचा नाही, नुसता पायाकडे बोट करायचा. प्रेक्षक म्हणत, काय अभिनय आहे. दुसऱ्या दिवसापासून आणखी तीन मुलं आळीपाळीने धावू लागली. सहामाही परीक्षा संपलेली होती, त्यामुळे सगळे दिवसभर मोकळे.

मावशीचं काम बदललं नव्हतं. ती दांडा ढकलत होती आणि पातळीला थांबवत होती. पण आता मुद्दाम जरा हळू. पोराला पोचायला वेळ मिळावा म्हणून.

पालक आले. पालकांचे शेजारी आले. कार्यालयातले तर सगळेच आले. सहाव्या मजल्याच्या प्रमुखांनी नाटक नऊ वेळा पाहिलं आणि नऊही वेळा ते चौथ्या मजल्यावर रडले. आकडा पहिल्या दिवशी तीनशे नव्वद. मग चारशे बारा. चारशे चाळीस. मावशी वहीत आकडा लिहिताना पेन दाबून लिहू लागली. घरी यजमानांनी दोन दिवस रोलरचं नाव काढलं नाही.

नाटकाच्या अकराव्या दिवशी अधीक्षकांनी पुन्हा बोलावलं. या वेळी परिपत्रक उलटं करून ठेवलेलं होतं. मागच्या बाजूलाही नियम होता. आकडा सलग दहा दिवस चारशेच्या वर गेला तर लिफ्ट अपुरी ठरते. तिच्या जागी स्वयंचलित लिफ्ट बसवावी. स्वयंचलित लिफ्टला चालक लागत नाही.

मावशीने दोन्ही बाजू वाचल्या.

"साहेब, मग किती हवं होतं?"

अधीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "शंभर ते चारशेच्या मध्ये."

"हे कोणाला माहीत होतं का?"

"तुम्ही सव्वीस वर्षं मध्येच होतात," ते म्हणाले. "म्हणून कोणी पान उलटलं नाही."

नवी लिफ्ट तीन आठवड्यांत बसली. चकचकीत, स्टीलच्या दारांची, आत सात बटणं. मावशी स्वेटरची घडी काखेत घेऊन आयुष्यात पहिल्यांदा जिना चढली. एकशे बत्तीस पायऱ्या. शिट्टी तिच्याबरोबर चढली आणि सहाव्या मजल्यावर तिने मावशीच्या कार्डावर शिक्का मारला. 

नोंदींच्या खोलीत शांतता होती. मावशी टेबलाशी बसली. साडेदहा वाजता तिला वाटलं, एवढ्यात तिसऱ्याचे काका यायला हवेत.

काका आले होते. ते नव्या लिफ्टमध्ये उभे होते. जिन्याची हौस एव्हाना फिटली होती आणि नव्या लिफ्टचं सगळ्यांनाच कौतुक होतं. आठ माणसं आत शिरली. दार बंद झालं. काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, तिसरा. दुसरं कोणी म्हणालं, पाचवा. मग सगळे समोर बघत उभे राहिले.

लिफ्ट हलली नाही.

घरी हीच माणसं दिवसभर बटणं दाबत. फोनची, मिक्सरची, टीव्हीची. पण या जागेत सव्वीस वर्षं त्यांनी फक्त मजला सांगितला होता. हात वर जाईना. पंचवीस मिनिटांनी बाहेरून कोणीतरी दार उघडलं, तेव्हा बाहेरचे आत शिरले आणि तेही म्हणाले, चौथा.

आठवड्यात चौदा तक्रारी आल्या. लिफ्ट चालत नाही. कंपनीचा इंजिनिअर आला, त्याने सगळं उघडून पाहिलं. दोष नव्हता. अधीक्षक म्हणाले, तुम्ही स्वतः लोकांबरोबर जाऊन बघा. इंजिनिअर आत शिरला. दार बंद झालं. आजूबाजूला सगळे इतक्या विश्वासाने उभे होते की त्याच्याही तोंडून निघून गेलं, सातवा. आणि तो थांबला.

बारा मिनिटांनी बाहेर आल्यावर तो बराच वेळ घाम पुसत होता. मग त्याने अहवाल लिहिला. लिफ्ट बसवताना एक भाग बसवायचा राहून गेला आहे. भाग सहाव्या मजल्यावर उपलब्ध आहे.

पद रद्द झालं होतं, ते परत निर्माण करायला दोन वर्षं लागली असती. भाग मागवायला अर्धा दिवस लागला. अशा रीतीने लिफ्टमावशी सामानाच्या यादीत आली. दोर, मोटर, दारं, मावशी. वापराची मुदत या रकान्यात लिहिलं होतं, झिजेपर्यंत.

स्टूल परत आलं. स्वेटरची घडी आली. आता तिसरा म्हटलं की मावशी बटण दाबते.

लांब्याचे तास तेवढे अडकले. तासबाईंचं म्हणणं, यंत्राची सोबत ही लोकसेवा होत नाही. शेवटी त्यांनीच ते तास यंत्राची निगा म्हणून 'घडवणे'मध्ये टाकले आणि लांब्याला आणखी एक एकाकी माणूस शोधायला पाठवलं. त्याने तासबाईंचंच नाव सुचवलं. त्यांनी डायरी उघडली आणि तारीख दिली.

दर सहा महिन्यांनी इंजिनिअर तपासणीला येतो. टॉर्च मारून दोर बघतो, मोटर बघतो, मग मावशीसमोर उभा राहतो.

"आवाज येतो का?"

"येतो."

"कुरकुर?"

"ती घरी करते."

तो लिहितो, ठीक. यजमानांनी हे ऐकलं तेव्हा त्यांनी बरोबर आहे म्हणून मान डोलावली आणि स्वतःच भात वाढून घेतला.

वर्ष संपताना शिट्टी आली. दाखला हातात होता. दीडशे तास भरले होते. अधीक्षकांची एक सही हवी होती, सातव्या मजल्यावर. पायाला प्लास्टर होतं. शेवटच्या आठवड्यात ती तिच्याच जिन्यावरून पडली होती.

ती उंबऱ्यावर थांबली. मावशीने वाट पाहिली. मुलीने श्वास घेतला, आत पाऊल टाकलं, भिंत धरली.

"सातवा," ती म्हणाली.

एकच शब्द होता. मावशीला त्यात सगळं ऐकू आलं. अर्ज, शिक्के, कार्डं, सगळं कार्यालय जिन्याने चढवणारी ती मोहीम, उंबऱ्यावरून न हललेले ते पाय. या मुलीला बंद दाराची भीती वाटत होती. लहानपणापासून असावी.

 मावशी स्टुलावरून उठली. सव्वीस वर्षांत तिने ते कोणाला दिलं नव्हतं.

"बस," ती म्हणाली. "आणि माझ्याकडे बघ. दाराकडे नको."

शिट्टी बसली. दार बंद झालं. मावशीने बटण दाबलं आणि जिथे पूर्वी दांडा होता त्या मोकळ्या जागी हात धरून ती उभी राहिली, पार सातव्यापर्यंत. लिफ्ट आपली आपण थांबली, पातळीला नेमकी.

"बघ," मावशी म्हणाली. "अडखळली नाहीस."