गहाळ पानांची शिवण

माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, जिला मी ताई म्हणते, कपडे दुरुस्त करते. नवे शिवत नाही. चेन बदलायची, कंबर सैल करायची, फाटलंय तिथे रफू करायचं. जिन्याखालच्या तिच्या दुकानात एक मशीन, एक इस्त्री आणि गिऱ्हाईक अंग चोरून उभं राहील एवढीच जागा. शाळा सातवीत सुटली. तू एक दिवस विद्यापीठात जाशील असं तिला कुणी सांगितलं असतं, तर मान वर न करता ती म्हणाली असती, "का, तिथे कुणाची चेन तुटलीय?"

पण ती गेली, आणि मलाही घेऊन गेली.

माझी मुलगी, चौदा वर्षांची, शाळेच्या मैदानावर पळता पळता कोसळली. मिनिटभरात डोळे उघडले. ऊन लागलं असेल, सकाळी खाल्लं नसेल, असं सगळे म्हणाले. माझा जीव थाऱ्यावर येईना. तिचे वडील एक्केचाळिसाव्या वर्षी सुटणारी बस गाठायला धावले आणि फुटपाथवर पडले, ते उठलेच नाहीत. दाखल्यावर हार्ट अटॅक लिहिलं होतं. आम्हीही तेच धरून चाललो होतो.

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी मुलीचा ईसीजी, म्हणजे ठोक्यांचा आलेख, दोनदा काढला. "काठावरचा आहे," त्या म्हणाल्या. "ठोक्यांमधला असा एक दोष घराण्यातून येतो. वडिलांकडे कोणी तरुणपणी, असं अचानक गेलंय का?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"रक्त तपासायला पाठवते. पण त्याला तीन महिने लागतील, आणि त्यातून दर वेळी पक्कं कळतं असंही नाही. गोळ्या सुरू केल्या तर त्या जन्मभराच्या. घराण्यातली माहिती मिळाली तर मला लवकर ठरवता येईल. तोवर तिला पळू देऊ नका. एकटी ठेवू नका."

माहिती मिळणार कुठून? माझे सासरे अनाथालयात वाढलेले. साठीत काविळीने गेले. "मला कोणी नव्हतं," एवढं एक वाक्य त्यांनी मुलांना दिलं होतं, आणि पुढे विचारलं की उठून बाहेर जायचे. ताई त्या अनाथालयाच्या इमारतीपाशी जाऊन आली. तिथे आता फर्निचरचं गोदाम होतं. संस्था बंद पडली तेव्हा कागद विद्यापीठाने नेले, असं तिथल्या जुन्या पहारेकऱ्याने सांगितलं.

विद्यापीठाचं अभिलेखागार ग्रंथालयाच्या तळघरात होतं. दारात एक फॉर्म भरायचा होता. ताई 'संशोधनाचा विषय' या रकान्यापाशी अडली. "काय लिहू गं?"

"कुटुंबाचा इतिहास लिहा."

तिने लिहिलं, 'आमच्यात कोण कसं मेलं.' अभिलेखपालांनी, म्हणजे त्या कागदांचे राखणदार असलेल्या वयस्कर गृहस्थांनी, ते वाचलं आणि सही केली. मग म्हणाले, "पेन, पिशव्या, फोन बाहेर कपाटात. आत फक्त पेन्सिल."

फोन मी नाइलाजाने कपाटात ठेवला. मुलगी घरी माझ्या आईपाशी होती. तिला काही होऊन आईने फोन केला तर माझा फोन कपाटात वाजत राहणार आणि मी जुने कागद चाळत बसणार. मी दर वीस मिनिटांनी उठून बाहेर जायचे, फोन बघायचे, परत यायचे. चौथ्या वेळी ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यापेक्षा तिथेच बस. इथलं मी बघते." पण मला तिथेही बसवेना.

सासऱ्यांच्या शाळेच्या दाखल्यावरून अनाथालयात आल्याचं वर्ष कळलं होतं. त्या वर्षाचं प्रवेशाचं रजिस्टर आलं. ताईने एकेक नाव बोट टेकवत वाचलं. दोनशे अकरा नंबरनंतर एकदम दोनशे चाळीस.

"मधली पानं?"

"ती नाहीत," अभिलेखपाल म्हणाले. "आमच्याकडे आलं तेव्हाच नव्हती. यादीत तशी नोंद आहे."

मला वाटलं, संपलं. मनातल्या मनात मी डॉक्टरीणबाईंना सांगायचं वाक्य जुळवायला लागले. ताई मात्र नावं सोडून रजिस्टरच्या पाठीकडे, जिथे पानं शिवलेली असतात तिथे, बघत होती. चष्मा वर करून तिने वही उजेडाकडे तिरकी धरली.

"जपून," अभिलेखपाल म्हणाले.

"साहेब, ही शिवण मूळची नाही. जुनी भोकं चार आहेत, बघा. नंतर कुणीतरी जाड दोऱ्याने पाच टाके घातलेत. गादी शिवतात तसे." तिने त्या दोऱ्यावर नख ठेवलं. "ज्याने हे केलं, त्याने आणखीही काही शिवलं असणार. असा दोरा दुसऱ्या कुठल्या वहीला आहे का?"

"बाई, त्या संस्थेच्या साठ वह्या आहेत."

"मला वाचायच्या नाहीत. फक्त पाठी बघायच्यात."

नियमात असं काही बसत नसावं. तरी ते गेले आणि ढकलगाडीवर वह्या घेऊन आले. ताईने एकेक पाठ बघून बाजूला ठेवली. मी दोनदा बाहेर जाऊन आले. दुसऱ्यांदा परतले तेव्हा ती दवाखान्याची एक नोंदवही उघडून बसली होती आणि अभिलेखपाल तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. वहीच्या शेवटी वेगळ्या आखणीची पानं होती, त्यांना चार रिकामी भोकं आणि पाच जाड टाके. पानं कधीतरी सुटली असतील आणि हाताला आली त्या वहीला कुणीतरी जोडून टाकली असतील.

दोनशे एकवीस, मुलगा, वय चार. हे माझे सासरे. दोनशे बावीस, त्याची बहीण, वय सात. दोघांच्या समोर एकच मजकूर होता. आई बाळंतपणात वारली. बाप, वय एकोणतीस, खाणीच्या कामावर असता एकाएकी मयत. बहिणीच्या ओळीखाली दोन वर्षांनी वेगळ्या शाईत लिहिलं होतं: 'अंगणात पळत असता पडून मयत. अंगावर जखम नाही.'

ताईने ते मोठ्याने वाचलं, मग पुन्हा मनात वाचलं. बोट परत दोनशे बावीसवर नेलं.

"दादांना बहीण होती," ती म्हणाली. वडिलांना ती दादा म्हणायची. "सहा वर्षांचे होते ते तेव्हा. बघितलं असेल त्यांनी." मग म्हणाली, "आम्हाला कधी पळू द्यायचे नाहीत. दिसलो की मारायचे. मला वाटायचं, काय खवीस बाप आहे."

अभिलेखपालांनी सही-शिक्क्याची प्रत स्वतः करून दिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ती नीट वाचली आणि गोळ्या त्याच दिवशी लिहून दिल्या. मग ताईकडे वळून म्हणाल्या, "तुमचा आलेख कधी काढलाय?"

"मला काय धाड भरलीय?"

पण काढला. ताईचाच आलेख मुलीच्यापेक्षा वाईट निघाला. पन्नाशी उलटेपर्यंत दोष अंगात घेऊन ती मशीन मारत होती. पळायची सवय बापाने मोडली, त्यानेच बहुधा ती वाचली. तिचंही रक्त तपासायला गेलं, आणि तीन महिन्यांनी दोघींच्या तपासणीत तोच दोष आला.

मुलीने महिनाभर माझ्याशी धड बोलणं टाकलं. शर्यतींतून तिचं नाव मीच काढून घेतलं होतं. तिच्या खोलीचं दार मी उघडं ठेवायचे आणि ती लावून घ्यायची. एकदा तिने ती प्रत मागून घेतली. वाचून झाल्यावर विचारलं, "पडली तेव्हा नऊ वर्षांची होती?"

"हो."

"तिला कुणी सांगितलंच नव्हतं ना, पळू नको म्हणून."

तिने कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन गोळी घेतली. त्याआधी रोज मला मागे लागावं लागे.

याला आता तीन वर्षं झाली. मुलगी कॉलेजात जाते. तिचा फोन दोनदा वाजून उचलला गेला नाही तर मी अजून तिच्या मैत्रिणींना फोन लावत सुटते. ताईचं दुकान चालू आहे. गोळ्यांनी डोळ्यांवर झापड येते अशी तिची एकच तक्रार. परवा एका गिऱ्हाइकाची बाही उलटी लावली, तीस वर्षांत पहिल्यांदा. उसवत बसली होती तेव्हा मी म्हटलं, "ताई, डॉक्टरांना सांगून गोळी कमी करून घ्यायची का?"

"गोळी राहू दे," ती म्हणाली. "ती कात्री दे इकडे."