पेटीचं वजन

"इंग्रजी शाळानी पोर शे, बोलाले लाजस," होडीतली एक बाई दुसरीला म्हणाली. माझ्याबद्दल. मी न ऐकल्यासारखं केलं आणि तापीच्या पाण्याकडे बघत राहिले.

त्या सकाळचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही. तुम्हाला सांगते आहे – का, ते नीट माहीत नाही.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. दिवाळीच्या सुट्टीत मी वसतिगृहातून थेट मामाच्या गावी निघाले होते, नदीपलीकडे. भाड्याच्या बैलगाडीनं घाटावर आले. गाडीवानानं माझी लोखंडी पेटी कण्हत होडीत ठेवली आणि तो गेला. नाना नावाडी तेव्हा पाठमोरा, बिडी पेटवत होता.

होडीच्या अंगावर बाहेरून एक पांढरी रेघ होती. पाणी रेघेला टेकलं की एक माणूस उतरवायचा, हा नानाचा नियम. धान्याचं पोतं असलं तर तेही माणूस धरायचं.

"पेटीमा काय शे, ताई?" त्यानं विचारलं.

"कपडे," मी म्हणाले.

पेटीत पुस्तकं होती. तळापासून झाकणापर्यंत, जाड बांधणीची. खरं सांगितलं असतं तर पेटीसकट मी काठावर राहिले असते, चारच्या खेपेपर्यंत, अनोळखी माणसांत. एवढंच. याहून मोठं काहीही नव्हतं.

सगळ्यांत शेवटी एक अक्का आली. अंगानं भरलेली, धापा टाकत, हातात झबलं-टोपरं बांधलेलं फडकं. ती बसली आणि पाणी रेघेवर चढलं. नानानं डोकी मोजली – बरोबर होती. तो चक्रावला. मागून कुणीतरी ओरडलं, "अक्का, तू उतर, होडी टुणकन वर येई!"

सगळे हसले. अक्काही हसली. "हासा रे, हासा! मना भाऊना पोऱ्यानं बारसं शे. आत्या मी एकलीच. नाव मालेच ठेवनं शे."

"मंग आठूनच वरडीसन सांग नाव!"

इथूनच ओरडून नाव सांग म्हणे – पुन्हा हशा. नाना खालच्या आवाजात म्हणाला, "अक्का, चारनी खेपले ये."

ती उतरली. चिखलात पाय टाकताना तिनं पदर पोटावरून नीट ओढून घेतला. तेव्हा ती हसत नव्हती. माझे पाय पेटीला टेकलेले होते – एक शब्द पुरला असता. रेघ पाण्याबाहेर आली. होडी सुटली.

घाबरले होते, असं म्हणू? ती पळवाट झाली. मी शांत होते. मला बरं वाटलं होतं.

बारसं मामाच्या शेजारच्याच घरी निघालं. नऊ वर्षांनी झालेला मुलगा. भर दुपारी कुणा चुलत आत्यानं त्याच्या कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, नाव ठेवलं गेलं. चारच्या होडीनं अक्का आली तेव्हा पाळण्याची फुलं सुकली होती. तिनं कुठलं नाव मनात धरलं होतं? कुणी विचारलंही, म्हणे. तिनं सांगितलं नाही.

इथं थांबले तर तुम्ही म्हणाल, लहान होतीस. सतरा वर्षांची होते. आणि जे टाळत इथवर आले, ते अजून राहिलंच आहे.

नाव ठेवण्याआधी बाळाचा बाप अंगणात येरझाऱ्या घालत होता. मी सकाळच्या होडीनं आले, हे त्याला कुणीतरी सांगितलं. तो माझ्यासमोर येऊन बसला आणि मामाच्या गावात सगळे माझ्याशी बोलत तसं सावकाश, पुस्तकी मराठीत त्यानं विचारलं, "ताई, घाटावर आमची अक्का दिसली का? ती येणार असेल तर आम्ही संध्याकाळपर्यंत थांबतो."

थांबले असते. खरंच थांबले असते. पण मग ती सगळ्यांसमोर रेघेचं सांगणार. आणि सकाळीच मामाच्या दोन गड्यांनी माझी पेटी उचलताना, आत दगड भरलेत का, म्हणून विचारलं होतं.

अंगण माझ्याकडे बघत होतं. त्या गावात आल्यापासून मी कुणाशी एक पूर्ण वाक्य बोलले नव्हते. तेव्हा बोलले – स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"त्या फार जड आहेत ना, होडी बुडत होती. नावाड्यानं उतरवलं त्यांना. त्या घरी परत गेल्या."