बेसकाकांचं नाताळगीत

बेसकाकांचा आवाज कानांच्या आधी पायांना कळायचा. त्यांनी सूर लावला की आमच्या चर्चच्या जुन्या लाकडी फळ्या तळव्यांखाली थरथरायच्या. नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात, घर नागपुरात. क्वायरमध्ये सगळ्यात खालच्या पट्टीत गायचे, म्हणून लहानथोरांचे ते बेसकाका. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते दवाखान्याच्या कागदावर.

डिसेंबरात सराव सुरू झाला की काका तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकून यायचे, चूळ भरायचे आणि आमच्या नाताळगीताची हकीकत सांगायचे. हे गीत आमच्या चर्चबाहेर कोणी गात नाही. काकांची पणजी मोठ्या दुष्काळात रामटेककडच्या कुठल्याशा खेड्यातून मिशनच्या अनाथालयात आली. चिमुरडी पोर. गावाचं नाव तिला सांगता येईना. एक चाल तेवढी गुणगुणत बसायची. तिथल्या शिक्षिकेने त्या चालीवर येशूबाळाच्या जन्माचे शब्द बसवले, आणि अनाथ पोरांनी त्या नाताळात ते गायलं.

"रोपणीचं गाणं होय हे," काका सांगायचे. "बाया वाकून, मागं मागं सरत धान लावतात. तसं म्हणा. पळता काहून?"

गिटारवाली पोरं हसायची. पण काकांचा सूर खालून लागला की आपोआप सावकाश व्हायची.

खर्र्यावरून काकू रोज भांडायच्या. "देवाची स्तुती करायचं तोंड, अन् त्यात उकिरडा भरून राहिले तुम्ही!"

"सोडतो ना वं," काका म्हणायचे, आणि टपरीवर जायचे.

एका नाताळात क्वायरमध्ये मी त्यांच्या समोरच उभी होते. वरच्या सुराच्या ओळीला त्यांचं तोंड उघडतच नव्हतं. दोन बोटंही शिरणार नाहीत एवढीच फट. पुढच्या पावसाळ्यापर्यंत खर्र्याने जिभेवर उठलेला व्रण पसरला आणि डॉक्टरांनी आम्हा तिघांसमोर जीभ काढावी लागेल म्हणून सांगितलं. काकू ऑपरेशनची तारीख विचारू लागल्या. काका मात्र मला म्हणाले, "आवाज आहे तोवर रामटेककडे जाऊन येऊ. त्या गाण्याचे मूळ शब्द पाहिजेत मले. मग कोण्या तोंडानं विचारू?"

रोपणी ऐन भरात होती. काका बांधावर उभे राहायचे आणि नुसती चाल म्हणायचे. सुजलेली जीभ अडखळायची, पण आवाज तोच. चिखलातल्या बाया मान वर करून ऐकायच्या. "नाही बा, असं गाणं आमच्यात नाही." एका गावात, मग दुसऱ्या. शेवटी एका घराच्या ओसरीवर बसलेल्या म्हातारीने ऐकलं आणि हात वर केला.

"थांब भाऊ. घरात लेकरं आहेत. इथं नको म्हणू हे."

"काहून, आजी? रोपणीचं नाही काय?"

"रोपणीचं कुठलं! लेकरू मातीत ठेवून आलं का बाया बसून म्हणत. माह्या सासूनं म्हटलं होतं, माहा पहिला गेला तेव्हा."

शब्द तिने सांगितले नाहीत. ज्यासाठी एवढे फिरलो, ते काकांनीही विचारले नाहीत.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले. कामठी आली तेव्हा बोलले.

"दुष्काळात तिचे भाऊबहीण गेले असतील वं. एकामागं एक. घरात दुसरं गाणंच झालं नसंल. तेच ध्यानात राहिलं पोरीच्या." मग माझ्याकडे वळले. "कोणाले सांगू नको. लेकरं म्हणतात ते."

ऑपरेशननंतर काका बोलू शकले नाहीत. त्या नाताळात तोंडाला मफलर गुंडाळून मागच्या बाकावर येऊन बसले. मुलांनी गीत सुरू केलं. काका एकेका मुलाकडे पाहत होते. एकावरून नजर काढायची, दुसऱ्यावर ठेवायची. संपेपर्यंत तेच.

मे महिन्यात ते गेले. मातीला माणसं बरीच आली होती, पण उन्हाने जमीन तापली होती आणि पाळकांनी प्रार्थना लवकर आटोपली. काही दिवसांनी मी काकूंकडे गेले. चहा ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "एक विचारू काय तुले? शेवटच्या दिवशी मी त्यायच्या उशाशी बसून आपलं नाताळचं गाणं म्हटलं. म्हटलं, बरं वाटंल. तर माहा हात घट्ट धरला अन् मान हालवत राहिले. नाही, नाही. डोळ्यातून सारखं पाणी. मी थांबली. काही चुकलं काय वं माहं?"

"नाही काकू. दुखत असेल त्यांना."

"तेच असंल." त्यांनी गॅस बारीक केला. "आमचं बाळ गेलं होतं ना, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. तेव्हा दिवसभर हेच गाणं म्हणत बसली होती मी. दुसरं काही सुचेच ना. तेव्हा नव्हतं थांबवलं त्यायनं."

सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मी कप पुढे केला. काकूंनी त्यात चहा ओतला.